अकरा आठवड्यांचा आयरिश

गेल्या वर्षी एप्रिल ते जून असे बरोबर अकरा आठवडे मी आयरिश होतो.

त्याआधी एकावन्न वर्षं मी मिलिंद ओगले होतो, आणि आताही आहे. मधल्या काळाबद्दल बाहेर बोलायचं नाही असं घरात ठरलं होतं. पण आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वैशाली, म्हणजे माझी बायको, चहाबरोबर हीच गोष्ट देते. तिच्या गोष्टीत आकड्यांच्या बऱ्याच चुका असतात. (साडेपाच महिने नव्हे, अकरा आठवडे.) म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

आम्ही नेदरलँड्समध्ये डीमनला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. खाली मुख्य दाराशी बेलच्या बटणांसमोर नावांच्या पट्ट्या आहेत. आमच्या पट्टीवरचं नाव डच माणसं घसा खाकरून ‘ओखाले’ असं वाचतात आणि आम्ही त्यालाही ओ देतो. समोरच्या घरातले फर्गस मात्र ते ‘ओ’गेल’ असं वाचत, कारण त्यांचं स्वतःचं आडनाव ओ’गेल. फर्गस सत्तरी ओलांडलेले आयरिश गृहस्थ. तरुणपणी इथे आले, योहाना नावाच्या डच बाईशी लग्न केलं आणि इथलेच झाले. दोन वर्षांपूर्वी योहाना गेली. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास होता, जगभर विखुरलेले ओ’गेल गोळा करणं.

आयर्लंडमध्ये म्हणे कुळं असतात. (हे आम्हाला ऐकवत होते. आम्हाला, ज्यांच्याकडे कुळाचा छापील इतिहास असतो आणि त्यात कोण कुणाला दत्तक गेलं तेही असतं.) दर ऑगस्टमध्ये ओ’गेल कुळाचा मेळावा भरतो, मिरवणूक निघते आणि पुढे एक जण कुळाचा झेंडा घेऊन चालतो. तो झेंडा योहानाने शेवटच्या आजारपणात, खिडकीत बसून भरला होता. हिरव्या कापडावर हरीण. भरणारी बाई डच असल्यामुळे हरीण बरंचसं गाईसारखं दिसत होतं. तो झेंडा एकदा मिरवणुकीत पुढे न्यायचा, एवढंच फर्गसना हवं होतं.

अडचण नोराची होती. नोरा ही त्या मेळाव्याची चिटणीस. तिने नवा नियम काढला होता की झेंडा धरणारा कुळाच्या रक्ताचा असल्याचं जनुकीय चाचणीने सिद्ध झालं पाहिजे. गालाच्या आतून काडी फिरवायची, कुपीत घालून पाठवायची. वडील, आजोबा, पणजोबा अशा पुरुषांच्या ओळीतून येणाऱ्या सदतीस खुणा प्रयोगशाळा तपासते आणि कुळातल्या इतरांशी किती जुळल्या ते कळवते.

“तुम्हीही करा,” फर्गस मला लिफ्टमध्ये म्हणाले. “तुम्ही ओ’गेलच आहात. मधला अपॉस्ट्रॉफी समुद्रात पडला असेल.”

“आमचं आडनाव कोकणातलं आहे.”

“कोकणाला समुद्र आहे?”

“आहे.”

“झालं तर मग.”

मी सरळ नाही म्हणालो असतो. पण त्याच सुमारास पुण्याहून भाऊकाकांचा फोन आला. भाऊकाका आमच्या कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचे संपादक. गेली सहा वर्षं ते पहिल्याच पानावर अडले होते.

“अरे मिलिंद, मूळ पुरुष आंजर्ल्याचा, इथपर्यंत येतो आपण. पण आंजर्ल्याला तो आला कुठून?”

“तिथेच असेल, काका.”

“तिथेच? मग आपले घारे डोळे कुठून आले? तुमच्या त्या युरोपात तपासण्या होतात ना? करून टाक. मी पान कोरं ठेवलंय.”

अशा रीतीने एका शनिवारी सकाळी फर्गस चाचणीच्या दोन पेट्या घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले. दोन्ही पेट्या सारख्या, दोघांचे नंबरही सारखे, फक्त शेवटचा आकडा वेगळा. माझा एकने संपणारा, त्यांचा नऊने. तशी नोंदणी आम्ही संकेतस्थळावर करूनही ठेवली होती. नंबर इतक्या बारीक अक्षरात छापले होते की फर्गस म्हणाले, “मला दिसत नाही. चष्मा घरी राहिला.”

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. एका माल वाहतूक कंपनीत मी दुसऱ्यांनी भरलेले आकडे तपासतो. एकवीस वर्षं तेच करतोय. माझ्यासमोर दोन सारख्या पेट्या ठेवणं म्हणजे मला आमंत्रणच. मी पिवळ्या चिकटचिठ्ठ्या काढल्या, दोन्हींवर शेवटचा आकडा ठळक लिहिला आणि पेट्यांवर चिकटवल्या.

“आता चूक होणं शक्य नाही,” मी म्हणालो. (हे वाक्य वैशाली पाहुण्यांसमोर अगदी माझ्या आवाजात म्हणते.)

तेवढ्यात भाऊकाकांचा फोन वाजला. मी तो घ्यायला खिडकीशी गेलो. फर्गसनी आपली पेटी उचलली, काडी फिरवली, कुपी बंद केली. मी परत आलो तेव्हा एकच पेटी उरली होती. उरलेली ती माझी, त्यात तपासायचं काय? फोन खांद्याने कानाशी धरून मी काडी गालात घातली.

“अरे, बोलत का नाहीस?”

“अ‍ॅहॅ, हाहा.”

“हसतोस काय?”

चिठ्ठ्या पाकिटात घालायच्या नव्हत्या. मी त्या काढून माझ्या वहीत पुरावा म्हणून चिकटवल्या, खाली तारीख आणि वेळ लिहिली आणि पाकिटं पोस्टात टाकली.

सहा आठवड्यांनी निकाल आले. माझा निकाल सांगत होता की सदतीसपैकी छत्तीस खुणा ओ’गेल कुळाशी जुळतात. फर्गसच्या निकालात ओ’गेल कुळाशी काहीच जुळत नव्हतं. जवळचे नमुने पश्चिम भारतातले, बहुतेक किनारपट्टीचे.

वैशालीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि तीन सेकंदांत म्हणाली, “अहो, पेट्या बदलल्यात तुम्ही.”

“मी?”

“नाहीतर कोण?”

मी वही उघडून दाखवली. चिठ्ठ्या, तारीख, वेळ. “हे बघ. ही पद्धत मी ऑफिसात एकवीस वर्षं वापरतोय. हिच्यात चूक होत नाही.”

“मग इतकी वर्षं पितृपक्षात मी पान कुणाचं वाढत होते?”

“त्यांचंच. ते आयरिश होते एवढंच.”

“तरीच इथे पानाला कावळा शिवत नाही, सीगल येतो.”

भाऊकाकांना मी आकडे कळवले. फक्त आकडे, मत दिलं नाही. सदतीसपैकी छत्तीस हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, “मला वाटतच होतं.” संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा ओगल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आयर्लंडची खूण असलेल्या तीन हिरव्या पानांची चित्रं फिरू लागली. नाशिकच्या एका चुलत आत्याने कळवलं की आयरिश लोकांसारखा तिलाही लहानपणापासून बटाटा आवडायचा. आठवड्याभरात पहिलं पान छापखान्यात गेलं: ‘मूळ स्थान: आयर्लंड. आंजर्ले हा मधला मुक्काम असावा.’

मीही थोडा वाहवलो, हे मान्य करतो. हिरवा स्वेटर घेतला. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या किराणा दुकानात एकाने विचारलं, “आप महाराष्ट्र से?” तर मी म्हणालो, “अभी अभी तक.” ऑफिसात कुणी पावसाची तक्रार केली की मी म्हणायचो, आमच्याकडे याहून जास्त पडतो. ‘आमच्याकडे’ म्हणजे कुठे, हे सांगायचो नाही.

फर्गस मात्र खचले. आधी चार दिवस ते बाहेरच पडले नाहीत. मग एका रविवारी दार वाजलं. दारात फर्गस, दाढी केलेली, हातात फुलं.

“मी विचार केला,” ते म्हणाले. “मी कोकणातला असेन, तर मला तिथलं काही माहीत असायला हवं. माझी माणसं काय खातात?”

वैशालीने त्यांना आमटी-भात वाढला. ते पहिल्या घासाला ठसकले, दुसऱ्याला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्याला म्हणाले, “माझ्या जिभेला काही आठवत नाहीये.”

“येईल हळूहळू,” मी म्हणालो. आयरिश माणसाने कोकण्याला धीर द्यावा तसा.

पुढचे रविवार ते येत राहिले. गोत्र म्हणजे काय ते लिहून घेतलं. डाव्या हाताने जेवू नये हे शिकले. त्यांनी झेंड्याचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. वैशाली मात्र त्यांच्या पानात तूप वाढताना माझ्याकडे असं बघायची की जणू मी त्यांचं घर बळकावलंय.

आणि मग जूनमध्ये मला नोराची ईमेल आली. फर्गस यांनी माघार घेतल्यामुळे, आणि माझ्या खुणा इतक्या उत्तम जुळत असल्यामुळे, यंदाचा झेंडा मी धरावा अशी कुळाची इच्छा आहे.

मी ती तीनदा वाचली. मग वैशालीला वाचून दाखवली.

“तुम्ही धरणार?” तिने विचारलं.

“नियमाने तसंच होतं.”

“योहानाने भरलेला झेंडा. तुम्ही. त्यांच्यासमोर.”

त्याच संध्याकाळी फर्गस आले. त्यांनाही नोराने कळवलं होतं. त्यांच्या हातात घडी घातलेलं हिरवं कापड होतं.

“हे आता तुमचं,” ते म्हणाले. “कापड वाऱ्यात गुंडाळतं, उजव्या बाजूने धरा. एका शिंगाचा टाका सैल आहे. ते शिवायचं राहिलं तिचं.”

त्यांनी घडी टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. सांत्वन कसं करतात ते मला जमत नाही, पुरावा देणं जमतं. म्हणून मी वही आणली.

“फर्गस, निदान कुणाची चूक नाही एवढं तरी तुमच्या मनात पक्कं असू दे. बघा. ही माझी चिठ्ठी, ही तुमची.”

फर्गसनी या वेळी चष्मा लावलेला होता. ते वाकून बघत राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “ही माझी.”

“ती माझी. ती एक आहे.”

“ही नऊ आहे.”

“एक आहे, फर्गस.”

“माझा नंबर नऊ. मी नऊ बघून पेटी घेतली. हा नऊ आहे. त्या दुसऱ्या चिठ्ठीवर काय आहे मला माहीत नाही, मला वाटलं तुमची सही आहे.”

वैशालीने गॅस बंद केला आणि हात पुसत आली. तिने वहीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“अहो,” ती अगदी शांतपणे म्हणाली, “तुम्ही मराठीत लिहिलंयत.”

वहीत चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: १.

मी आकडे मराठीतच लिहितो. पाढे मराठीत पाठ केले, बेरीज मराठीत करतो, आणि खात्री करायची असली की हात आपोआप मराठी वळणावर जातो. आमचा एक म्हणजे वर गोल आणि खाली शेपूट. जगातल्या उरलेल्या सगळ्या माणसांचा तो नऊ असतो. ही गोष्ट मला एकावन्न वर्षांत कुणी सांगितली नव्हती, कारण दुसऱ्यांच्या चुका मी काढतो, माझ्या काढायला कुणी नेमलेलंच नाही.

मग फर्गसनी विचारलं, “म्हणजे मला आमटी आवडायलाच हवी असं नाही?”

“नाही,” वैशाली म्हणाली.

“मिलिंद,” ते म्हणाले. मला वाटलं आता ते काहीतरी कडक बोलणार, आणि तो त्यांचा हक्कही होता. पण त्यांनी फक्त टेबलावरची घडी हळूच आपल्याकडे ओढून घेतली. “शिंगाला सुईदोरा आहे का तुमच्याकडे?”

नोराने दोघांचे नमुने नव्याने मागवले. या वेळी चिठ्ठ्या वैशालीने लिहिल्या, इंग्रजी अक्षरांत, पूर्ण नावं. मेळाव्याच्या चार दिवस आधी निकाल आला. फर्गस, सदतीसपैकी छत्तीस. माझ्या खुणा कुणाशी जुळल्या? आमच्याच एका चुलतभावाशी, ज्याच्याशी मी एका हिशेबाच्या चुकीवरून (त्याच्या) नऊ वर्षं बोलत नव्हतो.

वैशाली आणि मीही मेळाव्याला गेलो. फर्गस सगळ्यांच्या पुढे होते, झेंडा उजव्या बाजूने धरलेला. वाऱ्यात ती गाय खरोखर हरणासारखी उडत होती. मी सगळ्यात मागे, ‘कुळाचे मित्र’ या रांगेत, हिरव्या स्वेटरमध्ये. वैशालीने माझ्या शेजारी चालता चालता डोळे पुसले आणि वारा फार आहे म्हणाली.

राहता राहिले भाऊकाका. कुलवृत्तांत तोवर बांधून तयार होता. मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “शुद्धिपत्र जोडावं लागेल,” आणि फोन ठेवला. महिन्याभराने पुस्तक टपालाने आलं. आत छोटी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर दोनच ओळी:

‘पृष्ठ १: “आयर्लंड” हा शब्द गाळून वाचावा.

पृष्ठ ९१, मिलिंद ओगले (नेदरलँड्स): “आकड्यांचे जाणकार” हे शब्द गाळून वाचावेत.’