मित्राच्या बोर्डावरची चीर

आयटीआयला आमच्या बॅचमध्ये माझ्याइतकं स्वच्छ सोल्डरिंग कुणाचं नव्हतं. शेजारी बसणारा मुरबाडकडचा मित्र मात्र सारखी बोटं भाजून घ्यायचा. आयर्न कसं धरायचं, ते त्याला मी शिकवलं. ही गोष्ट मी पुढे वर्षानुवर्षं मनात घोळवत राहिलो. तो कदाचित विसरला असेल, मी नाही.

नंतर मी शहापूरला दुरुस्तीचं दुकान टाकलं. मिक्सर, टीव्ही, बँजो पार्ट्यांचे अँप्लिफायर. तो मुरबाडला कारखान्यात लागला आणि सुट्टीच्या दिवशी घरी सिंथेसायझर बनवू लागला. बाजारात मिळतो तसा कीबोर्ड नव्हे. सुटे सुटे डबे, एक आवाज काढणारा, दुसरा तो गाळणारा, तिसरा लहानमोठा करणारा, आणि सगळे वायरींनी एकमेकांना जोडलेले. एका रविवारी त्याने मला बघायला बोलावलं. पडवीत शेजारीपाजारी जमले होते. त्याने दोन बटणं फिरवली आणि असा घुमणारा आवाज निघाला की आतून त्याची आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"गिरणीवानी घुमतंय, पण गोड लागतंय गो," ती शेजारणीला म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो. परतताना गाडीवर मात्र एकच गोष्ट डोक्यात होती. बोट भाजून घेणाऱ्याला हे जमलं कसं?

महिन्याभरात मीही आवाज काढणारा डबा, म्हणजे ऑसिलेटर, बनवायला घेतला. सर्किटचा नकाशा तोच, इंटरनेटवरून त्यानेच पाठवलेला. माझा बोर्ड दिसायला त्याच्यापेक्षा देखणा झाला. सकाळी सुरू केला की सा बरोबर लागायचा. दुकानाचा पत्रा तापू लागला की सूर चढत जायचा आणि दुपारी सा कुठल्या कुठे गेलेला असायचा. मी कपॅसिटर बदलले, आयसी बदलली, पॉवर सप्लाय तर दोनदा नवा केला. मीटरवर सगळं ठीक दिसायचं.

बायको एकदा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आवो, फोन करा ना त्यांना. त्यांचं चालतंय ना?"

"त्याला काय इचारायचं? त्याला मी शिकवलंय."

जेवणाचा डबा ठेवून ती गेली.

मग एका सकाळी तोच दुकानात आला. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला त्याचा ऑसिलेटर. त्यातून आवाज येईनासा झाला होता.

"मधेच बंद पडतंय रे. भाचीचा साखरपुडा हाय डोळखांबला, आठ दिवसांनी. तिला कबूल केलंय वाजवायचं. तू बघशील?"

मी बोर्ड उजेडात धरला. सप्लायची वायर लागते तिथल्या एका पिनेभोवती केसाएवढी गोल चीर होती. ड्राय सोल्डर. वायर ओढून ओढून टाका सुटला होता. आयर्न तापलेलं होतं. दोन मिनिटांचं काम.

"बघावं लागंल," मी म्हणालो. "ठेवून जा."

तो गेल्यावर मी त्याचा बोर्ड माझ्या बोर्डाशेजारी ठेवला आणि परीक्षेत कॉपी करावी तसा न्याहाळला. माझ्या बोर्डावरचे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांपासून बोटभर अंतरावर होते. त्याने ते सपाट बाजू एकमेकींना लावून चिकटवले होते, म्हणजे तापतील तर दोन्ही सारखेच. त्यांच्यावर, उष्णतेचा फरक भरून काढणारा वेगळा रेझिस्टर बसवलेला. नकाशात ही टीप बारीक अक्षरात होती. मी वाचली नव्हती. मला वाटलं होतं, मला गरज नाही.

तसा रेझिस्टर मागवून मी माझा डबा दुरुस्त केला. भर दुपारी सूर हलला नाही. त्याचा डबा तसाच टॉवेलात राहिला. त्याचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "पार्ट मिळत नाय रे."

साखरपुड्याचं आमंत्रण मलाही होतं. मांडवात भाचीने त्याला विचारलं, "मामा, तुमची मशीन?"

"शापूरला दिलीय ना दुरुस्तीला. पार्ट मिळत नाय. आपला मित्र बघतोय," असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मुलगी माझ्याकडे बघून हसली. माझ्या हातात जिलबीची ताटली होती. ती मला संपवता आली नाही.

दोन दिवसांनी तो डबा न्यायला आला. मी त्याच्यासमोरच आयर्न टेकवलं, सोल्डर ओतलं, वायर लावली. त्याच्या डब्याचा दिवा लागला. त्याने वाकून पाहिलं.

"एवढंच व्हतं?"

"एवढंच."

"मंग आदी दिसलं नाय?"

खोटं बोलणं सोपं होतं. "दिसलं व्हतं," मी म्हणालो. "पयल्याच दिवशी."

तो बराच वेळ टॉवेलाची घडी घालत राहिला. मग त्याची नजर माझ्या डब्यावर गेली, त्या चिकटवलेल्या ट्रान्झिस्टरांवर. त्याला सगळं कळलं असणार.

"सूर धरतंय?"

"धरतंय."

"वाजवू?"

मी मान डोलावली. त्याने उभ्यानेच बटणं फिरवली. माझ्याच डब्यातून, मला दोन महिन्यांत एकदाही न सापडलेला आवाज निघाला. समोरच्या पानवाल्याने मान वर केली. इतकं सगळं होऊनही माझ्या डोक्यात पुन्हा तेच आलं, याला हे जमतं कसं?

तो आजही माझ्याकडे येतो. बोर्ड बिघडला की घेऊन येतो, चहा पितो, कारखान्यातल्या गोष्टी सांगतो. पण ठेवून जात नाही. स्टूल ओढतो आणि काम होईपर्यंत शेजारी बसून राहतो.