एक दिवसाची मालकीण

खुर्चीवर आधी प्लास्टिक अंथरलं. मंग मले म्हणाले, "बसा ताई."

साहेबाची खुर्ची. काळी, मऊ, फिरणारी. आम्ही बरफीच्या डब्यांवर जे पातळ प्लास्टिक चढवतो, त्याचाच एक तुकडा त्यावर. व्हिडिओ काढणारी पोट्टी जवळ आली अन् माझ्या साडीखाली ते नीट खोचून गेली. "दिसायला नको," म्हणे.

तिनं माझं नाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकून तिनं साहेबाकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "फक्त ताई म्हणा. आडनावावरून लोक कमेंटमध्ये भलतंच काढतात." मी आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून गेली होती. तरी प्लास्टिक. काहून, ते मले कोणी सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही. मले माहीत होतं. माझ्या आईलेही माहीत होतं.

नागपुरात मिहानच्या अलीकडे आमचा कारखाना आहे, संत्रा बरफीचा. अकरा वर्षं झाली मले तिथं पॅकिंगमध्ये. पट्ट्यावरून बरफी येते, आम्ही डब्यात भरतो. उभ्यानं. सकाळी सहा ते दुपारी दोन, मधात जेवायले अर्धा घंटा. हॉलमध्ये बसायले काही म्हणता काही नाही. बसली की बाई सुस्तावते, असं सुपरवायझरचं म्हणणं. संध्याकाळी माझ्या पिंडऱ्यांवरच्या नसा दोरीसारख्या फुगतात.

मोठे साहेब, म्हणजे या साहेबाचे वडील, रोज हॉलमध्ये चक्कर मारत. खेकसत, शिव्या देत. चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. पण तोंडावर शिवी भेटली तं तोंडावर सांगताही येत होतं. एकदा मी म्हटलं, "पंखा बंद आहे जी." चार शब्द ऐकून घेतले अन् पंखा दुरुस्त झाला.

लहान साहेब शिवी देत नाहीत. हॉलमध्येही येत नाहीत. ते मोबाइलवर येतात. रोज सकाळी त्यांची एक पोस्ट असते. माणसं सांभाळा, धंदा आपोआप सांभाळला जातो. असंच काहीबाही. गेटवर हजेरी लावताना सुपरवायझर विचारतो, "लाइक केलं का? दाखवा मोबाइल." आम्ही जोडलेल्या हातांचं चित्र टाकतो अन् आत जातो. काही सांगायचं असलं तं म्हणतात, कमेंटमध्ये लिहा, साहेब स्वतः वाचतात. मी लिहिलं होतं एकदा, बायांच्या संडासाची कडी तुटली आहे. घंट्याभरात कमेंट गायब. कडी अजून तुटलेलीच आहे.

तं त्या व्हिडिओचं नाव होतं, एक दिवसाची मालकीण. साहेबांनी मले हार घातला, हात जोडले. क्यामेऱ्याकडे पाहून म्हणाले, "आज या ताई बॉस. आज यांचीच ऑर्डर चालणार. बोला ताई, काय ऑर्डर?"

अन् मी येडी, खरं समजली.

पट्ट्यावर माझ्या बाजूले मंदा उभी राहायची. तेव्हा तिले सातवा महिना चालू होता. पाय सुजून चपलीत जात नव्हते. एकदा घरी बसली की परत घेत नाहीत, म्हणून येऊन राहिली होती. मी खुर्चीत ताठ झाली. म्हटलं, "हॉलमध्ये बायांले स्टूल द्या. आजपासून. पहिला मंदाले."

 मंग साहेब हसले. टेबलाले हात टेकून हसले. "अरे, हिला खरंच वाटलं!" मंग सगळेच हसले. ती पोट्टी म्हणाली, "ताई, असं नका म्हणू. म्हणा, साहेबांचे आभार, माझी काही मागणी नाही." चार वेळा म्हणवून घेतलं. अन् मी म्हटलं. हे सांगताना आजही मान खाली जाते. चारही वेळा म्हटलं.

उठली तं प्लास्टिक साडीले चिकटून आलं. तिनं दोन बोटांनी काढलं अन् कचऱ्यात टाकलं.

व्हिडिओ खूप चालला. असे मालक पाहिजेत, लोकांनी लिहिलं. कोणाकोणाच्या डोळ्यात पाणी आलं म्हणे. दोन दिवसांनी साहेबांनी दुसरा टाकला, गमतीचा. त्यात माझी स्टूलवाली ऑर्डर, अन् मागून हसणं. माझी पोट्टी कॉलेजात जाते. मैत्रिणींनी तिलेच दाखवला. घरी आली, जेवली नाही. म्हणे, "माय, तू काहून बसली वं तिथं?" काय सांगू बाप्पा तिले? दुसऱ्या दिवशी गेटवर त्याच व्हिडिओले मले लाइक करा लागलं. केलं अन् मोबाइल दाखवला.

पुढच्याच आठवड्यात मंदा पट्ट्याजवळ चक्कर येऊन पडली. पोटावर नाही पडली, एवढंच नशीब. तिले घरी पाठवलं अन् तिच्या जागेवर दुसरी बाई उभी केली. मंदाचं लेकरू आता धरून चालायले लागलं. तिले काही परत घेतलं नाही.

काल मले पुन्हा बोलावणं आलं. साहेबांचं कुठंतरी भाषण आहे म्हणे, सोशल मीडियाच्या जमान्यात मालकानं कसं वागावं यावर. त्याच्या आधी लाइव्ह करायचं होतं, वर्षभरानंतर ती मालकीण काय म्हणते. तीच खुर्ची. प्लास्टिकचा नवीन तुकडा. व्हिडिओवाली पोट्टी म्हणाली, "ताई, सुरू झालंय. हसत बसा."

मी खुर्चीजवळ गेली. प्लास्टिक उचललं, घडी केली अन् टेबलावर ठेवलं. म्हटलं, "मी बसत नाही. मागच्या वर्षी ऑर्डर दिली होती. स्टूल आले की बसते."

साहेब हसतच होते. दात तसेच ठेवून हळूच म्हणाले, "बसा ना ताई, लोक पाहतायत."

"पाहू द्या ना जी. मंदा पडली तेव्हा कोणी पाहून नव्हतं राहिलं."

लाइव्ह घाईघाईनं बंद झालं. ताई म्हणणंही बंद झालं. "तुझी लायकी काय? तुला खुर्चीवर बसवलं तर डोक्यावर बसते?" बापाचाच आवाज निघाला पोराच्या तोंडून. खोटं कशाले बोलू, बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा तो माणूस माझ्याशी खरं बोलला.

थकली आहे मी. काही क्रांतीबिंती झाली नाही. मी हॉलमध्ये परत आली तं बाया खाली मान घालून डबे भरत होत्या. दोघींनी जाता जाता हात दाबला. सुपरवायझर म्हणाला, उद्या येऊ नको, परवा ये, पाहू. अर्धं घर माझ्या पगारावर चालते. रात्रभर त्याचाच घोर होता.

माझ्या नवऱ्याचा पानठेला आहे. तिथं एक उंच लोखंडी स्टूल आहे, त्यावर बसून तो दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतो. आज संध्याकाळी मी तो स्टूल मागितला. तो म्हणाला, "मंग मी काय दिवसभर उभा राहू?"

मी म्हटलं, "एक दिवस राहून पाहा."

तो उठला. मंग स्टूल स्वच्छ धुऊन आणून दिला.

उद्या सहाच्या शिफ्टले तो स्टूल घेऊन जाणार आहे. मोबाइल मागितला तं दाखवणार नाही. लाइक आता करणार नाही. पट्ट्याजवळ माझ्या जागेवर स्टूल मांडीन, त्यावर काही न अंथरता बसीन अन् डबे भरीन. एकही डबा कमी भरणार नाही. माझ्या पायाले आराम पडला की बाजूच्या बाईले बसवीन, मंग तिच्या बाजूच्या बाईले. अन् गेटवरच अडवलं, तं गेटवरच मांडीन. तिथंच बसीन.

कोणी उठवलं तं मी काही आता उठत नाही.