लाल चिंधीच्या पेंढ्या

लोक जानव्याला किल्ली बांधतात, आमचे विनायकराव सर भिंग बांधत. हैदराबादच्या कॉलेजात शेरवानी घालून ते प्राणिशास्त्र शिकवत, वर्गात अस्खलित उर्दू बोलत, आणि मध्येच गळ्याशी हात घालून ते भिंग असं काही खेचून काढत की पहिल्या दिवशी मला वाटलं, सरांना विंचू चावला! मूळचे आमच्याच भागातल्या वाटूर गावचे. आम्हा मराठवाड्याच्या पोरांत आले की उर्दू खुंटीला टांगून म्हणत, "पुस्तकात लिव्हलंय ते बराबर आसंल रे, पर किड्यानं ते पुस्तक वाचलंय का?"

बी.एस्सी.ची परीक्षा झाली आणि निकालाआधीच्या सुट्टीत त्यांनी मला आपल्या कामाला जुंपलं. ज्वारीचा खोडकिडा उन्हाळाभर कडब्यात दडून बसतो आणि मृगात पाखरू होऊन बाहेर पडतो, असा त्यांचा कयास होता. तो डोळ्यांनी पाहून सिद्ध करायचा होता. माझं तर सगळं त्यावरच होतं. एम.एस्सी.ची जागा एकच, आणि विभागप्रमुखांचा नेम असा की ज्यानं स्वतः काही शोधून दाखवलं त्यालाच घ्यायचं. नाही जमलं तर परत केदारखेडा आणि औताची मूठ.

सर केदारखेड्याला आमच्याच घरी उतरले. आई गेल्यापासून मला काकूनं वाढवलेलं. पहिल्याच जेवणाला सरांनी परातीतल्या पिठावर भिंग धरलं. "वैनी, पिठात आळी हाय. पर काय देखणी हाय म्हणून सांगू!"

काकू पदर सावरत म्हणाली, "मास्तर, जेवायला बसलात का आळीची सोयरीक जमवायला?" सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून दोघांचं चांगलंच जमलं.

किडका कडबा निवडून आम्ही गोठ्याशेजारच्या खोलीत जाळीखाली ठेवला. इतर कडब्यात मिसळू नये म्हणून सरांनी प्रत्येक पेंढीला लाल चिंधी बांधली आणि घरच्यांना बजावलं, "मृग निघंपर्यंत ह्याला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई." मग ते हैदराबादला गेले. मी अधूनमधून कडब्याचं एखादं ताट चिरून बघायचो. आत आळी जिवंत! पुढं काही आळ्यांचे कोष झाले, तेव्हा मी आनंदानं खोलीतच नाचलो.

मृग निघाला. पाखरं आज-उद्या बाहेर पडणार म्हणून मी सरांना आणायला जालन्याच्या स्टेशनावर गेलो. इकडे घरी पेरणीचा मुहूर्त, तिफणीची पूजा. काकूनं आपला सरळ हिशेब केला. जानवंवाला शिकलेला माणूस, लाल चिंधी बांधून वेगळ्या ठेवलेल्या पेंढ्या, मृगापर्यंत हात लावायचा नाही, म्हणजे ह्या बैलांच्या मानाच्याच पेंढ्या! तिनं जाळी काढली, चिंध्या सोडल्या, पेंढ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि झाडून सगळ्या बैलांना घातल्या.

आम्ही पोचलो तेव्हा बैल निवांत रवंथ करत होते. मी डोकं धरून खाली बसलो. काकूला उलगडा झाला तशी ती कपाळ बडवून घ्यायला लागली. "माझ्या हातानं पोराचं वाटोळं केलं गं बाई!"

काका हळूच म्हणाले, "गंजीतल्या काढू दुसऱ्या अन् बांधू चिंध्या. कोन येऊन राह्यलंय बघायला?"

"मी आलोय की!" सर म्हणाले. त्यांनी भिंग काढलं, बैलाच्या तोंडाशी धरलं आणि गंभीरपणे सांगितलं, "वैनी, बैलाची तब्येत झकास हाय. किडा बी मानपानानं गेला. आता काय रडायचं?" सगळे हसले. काकू मात्र त्या दिवशी जेवली नाही.

हैदराबादला विभागप्रमुखांनी सगळ्या प्राध्यापकांसमोर मला विचारलं, "पाखरं कुठं आहेत?" तेवढ्यात सर उठले. "जनाब, बैल खा गए. और कुसूर मेरा है."

एकच हशा पिकला. सर तसेच उभे राहिले. त्यांनी सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, लाल रंग मी निवडला. ऐन पेरणीच्या दिवसांत लाल चिंधी म्हणजे पूजेची खूण, हे वाटूरच्या माणसाला कळायला नको? मुलानं मृगापर्यंत आळी जिवंत दाखवली, कोष दाखवले. त्याचं काम चोख आहे. ह्या शोधावरचा स्वतःचा निबंध मात्र त्यांनी पुढच्या सालावर ढकलला. ह्याच निबंधासाठी ते कित्येक वर्षं झटत होते. लोक हसत होते आणि माझा जीव तुटत होता.

शेवटी प्रमुखांनाही हसू आवरेना. म्हणाले, "लड़के को ले लीजिए. और अगले साल बैलों से पूछकर काम कीजिए!"

बाहेर व्हरांड्यात मी सरांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो. आज सर नाहीत, पण दंडाला धरलेला त्यांचा तो हात अजून जाणवतो. त्यांनी मला अर्ध्यातच उभं केलं.

"पाया मंग पड," ते म्हणाले. "आधी जल्दी घरी कार्ड टाक, जागा भेटली म्हणून. ती माउली अजून धड जेवली नसंल."