शेखाबाईंना मी हक्क शिकवले

काय सांगू तुम्हाला, माझी जीभ म्हणजे उतारावरची सायकल! एकदा सुटली की ब्रेक लागतच नाही.

इथे आखातात, आमच्या शहराच्या सीफ भागातल्या एका हॉटेलात शुक्रवारी संध्याकाळी कार्यक्रम होता. विषय, घरकामगारांचे हक्क. बोलणार होत्या राजघराण्यातल्या एक शेखा, बरीच वर्षं परदेशात राजदूत राहिलेल्या. मी एचआरमध्ये, म्हणून ऑफिसने मला पाठवलं.

मी अकोल्याची. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या सभांमधली भाषणं ऐकतच वाढले. हक्क म्हटलं की मला कंठ फुटलाच म्हणून समजा!

चहाच्या टेबलापाशी साधा काळा पायघोळ अबाया घातलेली एक बाई एकटीच समोसा खात उभी होती. अंगावर सोनं नाही, मागे माणसं नाहीत. मला वाटलं, ही आपल्यासारखीच नोकरदार. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण तुम्हाला मराठीतच सांगते.

"तुम्हालाही साहेबांनीच पिटाळलं का?"

"साधारण तसंच," ती हसली.

"अहो, या राजवाड्यातल्या बायकांना काय कळणार मोलकरणीचं दुःख? भाषण ठोकतील, फोटो काढतील, खलास!"

ती रागावली नाही. समोसा खाली ठेवून म्हणाली, "मग काय बोलायला हवं त्यांनी?"

विचारायचं असतं का मला असं? मी सुरूच झाले! पासपोर्ट मोलकरणीच्या हातात हवा, फोन हवा, आणि आठवड्याची सुट्टी म्हणजे सुट्टी, मालकिणीची मेहरबानी नव्हे!

तेवढ्यात एक सुटाबुटातला माणूस अदबीने वाकला. "शेखा, वेळ झाली."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती!

बाई स्टेजवर गेल्या, मी खुर्चीत विरघळले. व्हिसा रद्द, सामान बांधा! पण त्यांनी हातातले कागद मिटले. म्हणाल्या, "आत्ता चहाच्या वेळी एका ताईंनी माझ्यापेक्षा चांगलं भाषण केलं. तेच तुम्ही ऐका." आणि त्यांनी मला वर बोलावलं!

काय बोलले मी! टाळ्या काय, फोटो काय! पाय जमिनीवर राहिलेच नाहीत.

मी उतरणार, तोच शेखांनी सहज विचारलं, "मुलं आहेत तुम्हाला?"

"एक मुलगी आहे, चार वर्षांची."

"मग आज तिच्यापाशी कोण?"

"लक्ष्मी आहे ना!" मी माईकमध्येच सांगितलं. "आमची कामवाली. अगदी घरच्यासारखी!"

"हो का? तिची सुट्टी कधी असते?"

"शुक्रवा..."

शेखांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण रागही नव्हता. त्या नुसत्या वाट बघत होत्या. त्या ओरडून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"पुढच्या शुक्रवारी नक्की देते," मी पुटपुटले.

कार्यक्रम संपताच टॅक्सीने तडक नईमला, आमच्या भागात, परतले. घरी आले तर लेक लक्ष्मीच्या मांडीवर झोपलेली, आणि लक्ष्मी बसल्या जागीच पेंगत होती. आंध्रातल्या गावी तिची स्वतःची दोन पोरं आहेत. त्यांच्याशी ती निवांत बोलते तरी कधी? मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी ती नवी साडी नेसून, केसात क्लिप लावून मैत्रिणींकडे गेली. मला इतकं भरून आलं! नवऱ्याला म्हटलं, "बघ, हक्क द्यायचा म्हणजे असा!"

तासाभराने मीच तिला फोन लावला. "लक्ष्मी, अगं कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस?"

पलीकडे बायकांच्या हसण्याचा आवाज आला. मग लक्ष्मी अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, आज छुट्टी है," आणि फोन ठेवला.