पहिले तीन सेकंद

माझ्या वडिलांचं एक मत होतं आणि ते त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही: धंदा हे आपल्या लोकांचं काम नाही. दीक्षा घेतली, शाळा धरली, आता नोकरी धरायची. आपल्या हातचा माल कोण घेणार, असं ते विचारायचे आणि उत्तराची वाटही पाहायचे नाहीत. १९९९ मध्ये मला गोंदियाच्या एका खाजगी शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली, तेव्हा त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. पुढची कितीतरी वर्षं मीही त्यांचंच मत बाळगून होते. पगार दर महिन्याला येत होता, मत बदलायची गरज पडली नव्हती.

ते बदललं एका टाइल्सवाल्यामुळे. घराच्या न्हाणीघरासाठी मी त्याच्याकडून टाइल्स घेतल्या होत्या. ‘भैया, ठीक लगाओ’ करत हिंदीत भरपूर घासाघीस केली होती. तोही हिंदीतच बोलला. मग २०१३ च्या सुमारास बुद्ध पौर्णिमेला विहारात पाहते तर हा गृहस्थ पांढरा सदरा घालून खीर वाटतोय. मला म्हणाला, ‘‘बिलावर आडनाव लिहितानाच मी समजलो होतो, बाई.’’ मी विचारलं, मग बोललात का नाही? तो हसला आणि पुढच्याच्या द्रोणात खीर घालायला लागला.

त्या दिवसापासून मी वहीत यादी करायला लागले. नागऱ्याच्या रस्त्यावरचा विटभट्टीवाला आपला निघाला. कचारगडच्या यात्रेत मंडप टाकणारा आपला. गावातल्या चांगल्या चालणाऱ्या ब्यूटी पार्लरची मालकीण आपली. वडील असते तर ही वही त्यांच्यापुढे आपटली असती. ते नव्हते, म्हणून मग ठरवलं की सगळ्या जिल्ह्यापुढे आपटायची.

पण लिहून कोण वाचणार? आमच्याकडे तेव्हा प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला होता आणि मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डावर गाणी भरून मिळायची. लोक शेतात, ट्रॅक्टरवर, पोळ्या लाटताना तीच गाणी ऐकायचे. मला वाटलं, त्यात आपल्या धंदेवाल्यांचे आवाज का नसावेत? बारा माणसं, प्रत्येकाचा अर्धा-अर्धा तास. पॉडकास्ट हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. मी त्याला मालिका म्हणायचे, आणि नवरा त्याला माझं खूळ म्हणायचा.

सगळं मीच करणार, हे मी पहिल्या दिवशीच जाहीर केलं. मुलाखत मी, निवेदन मी, कापणं-जोडणं मी. मदत घेतली की दुसऱ्याचं ऐकावं लागतं, आणि ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही. एक लहानसा रेकॉर्डर घेतला. निवेदन करायला लोखंडी कपाटासमोर खुर्ची टाकून डोक्यावरून गोधडी घ्यायची, म्हणजे आवाज घुमत नाही. मे महिन्याच्या भर दुपारी, पंखा बंद करून. नवरा दारातून डोकावून म्हणायचा, ‘‘शिजली का नाही अजून?’’ मी गोधडीतूनच त्याला काय ते सुनवायचे आणि मग तेवढं कापायचे.

मालिकेच्या नावात किंवा निवेदनात मी आमच्या समाजाचा उल्लेख ठेवला नाही. ज्याला सांगायचं त्याने आपल्या तोंडाने सांगावं, ज्याला नको त्याने नको, असं ठरलं होतं. विटभट्टीवाल्याने छाती ठोकून सांगितलं. मंडपवाला म्हणाला, सांगा, मंडप काय कोणी खात नाही. कुडव्याची मावशी मात्र म्हणाली, नाव न घेता बोलते.

ही मावशी पन्नाशीची, विधवा. पापड, कुरडया, कणकेच्या शेवयांसारखे सरगुंडे करायची. उन्हाळाभर वाळवायची आणि लग्नसराईत विकायची. गोंदियाच्या बाजारपेठेतल्या मोठ्या मोठ्या घरांतलं रुखवत तिच्याकडून जायचं. आजूबाजूच्या गावांतले मोठे शेतकरीही मुलीचं लग्न ठरलं की तिच्याकडे यायचे. अकरा बाया तिच्या अंगणात लाटायला बसत, बहुतेक आमच्याच. गिऱ्हाइकांना ती फक्त पापडवाली काकी म्हणून माहीत होती. आडनाव कोणी विचारलं नव्हतं.

‘‘मी खोटं नाही बोलली कोनाशी,’’ तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलं. ‘‘कोनी इचारलं नाही, मी सांगतलं नाही. पन समजलं ना पोरी, तं खायाची वस्तू हाय. टाइल्स नोहे. दुसऱ्या दिवसापासून येनं बंद. मंग या अकरा जनी कोनाच्या दारात जातीन?’’

मी शब्द दिला. नाव नाही, गाव नाही, समाज नाही. वहीत एक अख्खं पान त्यासाठी ठेवलं आणि कापायच्या गोष्टी लिहून काढल्या. विहाराचा उल्लेख, नवऱ्याचं नाव, एका बाईने दुसरीला आडनावाने मारलेली हाक, मागे भिंतीपलीकडून आलेली बुद्धवंदनेची कॅसेट. एकेक कापलं. कुत्रा कापला, फेरीवाल्याचा भोंगा कापला. खरं सांगायचं तर बारा भागांतला तो सगळ्यात सुंदर भाग झाला. सरगुंडे काडीवर कसे वळायचे हे सांगताना तिचा आवाज असा खाली यायचा की मी गोधडीत बसून तो पुन्हा पुन्हा ऐकायचे.

दिवाळीनंतर बसस्टँडजवळच्या मोबाइल दुकानदाराला मी सगळे भाग दिले. तो हिंदी बोलणारा, गमत्या माणूस. जो कोणी गाणी भरायला येईल त्याच्या कार्डात माझेही भाग टाकायचं त्याने कबूल केलं. ‘‘फ्री में ज्ञान, मॅडम, कौन मना करेगा?’’ महिन्याभरात एक ऑटोवाला विटभट्टीवाल्याचा भाग ऐकताना मला दिसला. मी मुद्दाम त्याच ऑटोत बसले आणि मला जायचंच नव्हतं तिथे जाऊन परत आले.

मग एका दुपारी मावशीचा फोन आला. आवाजात काहीच नव्हतं. ‘‘शेठाच्या घरून रुखवताचं सामान वापस आलं,’’ ती म्हणाली. ‘‘बांधलं तसंच. म्हने औंदा घरीच करून राहिलो. त्याच्या आधी दोन घरं असेच बोलले. तू का सांगतलं त्यात?’’

मी म्हणाले, काहीच नाही, मावशी, शपथेवर. फोन ठेवला आणि तो भाग लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. वहीतलं पान समोर ठेवून परत ऐकला. काही सापडेना. नवऱ्याला बसवलं. त्यानेही डोळे मिटून अर्धा तास ऐकला आणि म्हणाला, ‘‘यात तं काहीच नाही. कोनीतरी तिच्या वाईटावर हाय.’’ मला हायसं वाटलं, हे कबूल करते. चूक माझी नाही, कोणीतरी चुगली केली, असं मी मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुकानदाराकडे गेले. कोणी काही बोललं का, हे विचारायला. त्याने गिऱ्हाईक थांबवून भाग लावला आणि लगेच बंद केला.

‘‘मॅडम, शुरू में ही तो है.’’

‘‘काय?’’

त्याने परत लावलं. फाटक करकरलं. माझ्या चपलांचा आवाज. मग माझा आवाज: जय भीम, मावशी. आणि तिचा, पाठोपाठ, हसरा: जय भीम, जय भीम, ये पोरी. त्याने परत बंद केलं आणि माझ्याकडे पाहत राहिला. पहिले तीन सेकंद.

प्रत्येक भाग फाटकापासून सुरू करायचा ही माझीच कल्पना होती. रेकॉर्डर बाहेरूनच चालू करून मी आत शिरायचे. कुत्रा मला ऐकू आला, भोंगा ऐकू आला, भिंतीपलीकडची कॅसेट ऐकू आली. आणि हे आलं नाही. लहानपणापासून दारात शिरताना तेच म्हटलंय, तेच ऐकलंय. माझ्या कानाला ते बोलणं वाटलंच नाही. नवऱ्याच्याही नाही. ते ऐकायला माणूस आमच्या घराबाहेरचा लागतो, आणि असे कान, पापडवाल्या काकीचा आवाज ओळखणारे, सगळ्या गोंदियात होते. मी दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने पाणी आणून दिलं.

त्याच संध्याकाळी स्कूटीवरून कुडव्याला गेले. अंगणात त्या दिवशी चारच बाया होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माफी मागितली. आणि तिथेच थांबायला हवं होतं. पण मी शाळेतली बाई. माफी मागता मागता मला भाषण सुचलं. म्हणाले, मावशी, झालं ते वाईट झालं, पण किती दिवस लपून राहायचं? ज्यांनी माल परत पाठवला, लाज त्यांना वाटायला पाहिजे. तुम्ही मान वर करून सांगा, मी पाठीशी आहे.

तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

‘‘मी कधी लपली? या घरावर निळा झेंडा हाय, वर पाहून घे. त्याइनं वर पाहिलं नाही, तं मी का करू? आन् तू मले मान वर कराले शिकवून राहिली. तुही नोकरी कोनी बांधून वापस पाठवते का, सांग. महिना झाला का तुले पगार भेटते. माह्या अंगनातल्या सात जनी आज घरी बसून हायेत.’’

मला तिचा राग आला. मग लगेच स्वतःचा आला, आणि तो अजून गेलेला नाही. बारा भाग मी कोणासाठी केले होते? वडिलांना खोटं पाडायला. ते हयात नव्हते, म्हणून त्यांच्याशी भांडायला मी बारा जिवंत माणसं घेतली होती. मावशीला तिच्या बायांचं पोट चालवायचं होतं आणि मला वाद जिंकायचा होता.

‘‘ते काढून टाक,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘जे गेलं ते गेलं. पुढं नोको.’’

घरी येऊन मी संगणक लावला. पडद्यावर आवाज लाटांसारखे दिसतात. आमचं ते अभिवादन म्हणजे दोन लहान उंचवटे, एक माझा, एक तिचा. त्यांच्यावर रेघ ओढली आणि बटण दाबलं. मागच्या लाटा पुढे सरकल्या. आता फाटक करकरायचं आणि एकदम ती म्हणायची, ‘‘ये पोरी.’’ ऐकणाऱ्याला काही कमी झाल्याचं कळणार नाही, इतकं ते साफ जमलं. मी बराच वेळ रडले. आपल्याच हाताने हे करावं लागेल असं मालिका सुरू करताना मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

नवा भाग दुकानदाराला दिला, जुना पुसायला लावला. लोकांच्या कार्डांतला कसा पुसणार? फिरलेल्या तीन घरांपैकी एक घर परत आलं. त्या घरच्या सासूबाईंना दुसरीकडचे पापड रुचले नाहीत म्हणे. त्या आल्या, घेऊन गेल्या, आणि त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. बाकी दोन आली नाहीत. मावशीने लांबची गिऱ्हाइकं धरली, आमगावकडची, बालाघाटकडची. तिकडे तो भाग पोचला नव्हता.

फेब्रुवारीत मी नवा भाग पेन ड्राइव्हवर घेऊन तिला ऐकवायला गेले. फाटकाशी एक मोठी गाडी उभी होती. अंगणात दोन अनोळखी बायका खुर्च्यांवर बसून कुरडयांचा नमुना पाहत होत्या, हातात बांगड्या भरभरून. आठ-नऊ बाया मागे लाटत होत्या. मावशी तराजूपाशी. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडात ते आलंच होतं. इतक्या वर्षांची सवय, ते आपोआप येतं. मी ते गिळलं. हात जोडले आणि म्हणाले, ‘‘नमस्कार.’’

‘‘नमस्कार, मॅडम,’’ ती म्हणाली. आवाज मोकळा, चेहरा हसरा, गिऱ्हाइकाशी असतो तसा. ‘‘बसा. का पायजे तुमाले?’’

मी म्हणाले, ‘‘तांदळाचे पापड द्या, दोन किलो.’’

तिने तोलून दिले. कागदात बांधले, वर दोरा गुंडाळला. त्या दोघी बायकांपैकी एक मला म्हणाली, इथले फार छान असतात ना? मी हो म्हणाले. पुडा माझ्या हातात देताना मावशीची बोटं जरा रेंगाळली असंही झालं नाही. मी पेन ड्राइव्ह पर्समधून काढलाच नाही. फाटक लावून बाहेर आले, पुडा डिकीत ठेवला, स्कूटीला किल्ली लावली. आम्ही दोघी एकमेकींशी अनोळखी म्हणून बोललो होतो आणि आमच्यापैकी एकीलाही ते अवघड गेलं नव्हतं.