सिद्धव्वाच्या हातचं इख

मन्नाएखेळ्ळीच्या रुद्रम्माशी खुशाल भांडावं, पण तिच्या मनात राहू नये, असं तिच्या शेजारणी म्हणायच्या. भांडण ती दिवेलागणीपर्यंत विसरायची. मनात ठेवलेल्या माणसाला मात्र ती जन्मभर पुरून उरायची.

तिचं माहेर खटकचिंचोळीचं. लहानपणी शेंगदाणा तोंडात गेला की ओठ खाजायचे, घसा धरायचा. पोरीला शेंगा बाधतात, असं आई म्हणायची आणि विषय तिथंच मिटायचा. सासरी तो मिटला नाही. सासू सिद्धव्वा कडक लिंगवंत बाई. तिच्या घरात ताटात पडलेलं अन्न म्हणजे प्रसाद; कण टाकायचा नाही, जेवण झालं की ताट धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचं. आणि त्या घरात ही सून शेंगांची चटणी बोटानं बाजूला सारायची. सिद्धव्वाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शिळं बाधतं, जास्त झालेलं बाधतं, हे तिला मान्य होतं. पण सगळं गाव खातं तो शेंगदाणा एकट्या हिलाच कसा बाधतो? नखरे, दुसरं काय. आणि प्रसादाशी नखरे म्हणजे पाप.

पोलीस ॲक्शननंतरची पहिली येळवस, रानात जेवायची मार्गशीर्षातली अमावस्या, आली. आदल्या वर्षी रझाकारांच्या धास्तीनं कुणी रानात जेवायला गेलं नव्हतं, म्हणून यंदा सगळी भावकी लोटली होती. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, छोटी खोपी, घातली, पूजा झाली, आंबील आणि बाजरीचे उंडे वाढले. हिरव्या दाण्यांच्या आणि भाज्यांच्या भज्जीत शेंगदाणे असतातच, म्हणून रुद्रम्मानं आपल्यापुरती वेगळी काढून ठेवली होती. सिद्धव्वानं त्या भज्जीत गुपचूप शेंगांचं बारीक कूट कालवलं. सुनेला मारावं असं तिच्या मनातही नव्हतं. खाऊ घालायचं आणि मग चारचौघांत विचारायचं, बघा, झालं का हिला काही?

झालं. रुद्रम्माचं तोंड सुजलं, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. तिला दिवस गेले होते. बायका पदरानं वारा घालत रडत होत्या आणि ती कोपीत पडून पोटावरचा हात सोडत नव्हती. आयुष्याची दोरी बळकट, म्हणून वाचली. पण डोळे मिटण्याआधी तिनं सासूच्या बोटांना चिकटलेलं कूट पाहिलं होतं. नंतर कुणी बाहेरचं म्हटलं, कुणी देवीचा कोप म्हटलं. सिद्धव्वानं मात्र तोंडातून ब्र काढला नाही. ते गप्प राहणं रुद्रम्मानं मनात ठेवलं.

तिचा भाऊ हावगेप्पा तिला हुमनाबादच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथले डॉक्टर प्रामाणिक होते. हे माझं काम नाही, म्हणाले, हैदराबादला या दुखण्याचे खास डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. भाऊबहीण मोटारीनं हैदराबादला गेले. त्या डॉक्टरांनी तिच्या हातावर ओळीनं ओरखडे काढले आणि एकेकावर थेंब टाकला, तिळाचा, दुधाचा, हरभऱ्याचा, शेंगदाण्याचा. बाकीचे जसेच्या तसे राहिले. शेंगदाण्याच्या ओरखड्यावर टम्म गांधी उठली.

डॉक्टर उर्दूत बोलले, हावगेप्पानं उलगडून सांगितलं. हिचं शरीर शेंगदाण्याला शत्रू समजून लढायला उठतं आणि त्या लढाईत हिचाच घसा बंद होतो. यावर औषध एकच, शेंगदाणा टाळायचा. घरात सगळ्यांना सांगा, चूल सांभाळते तिला सगळ्यांच्या आधी. होणाऱ्या लेकरालाही हे दुखणं निघू शकतं, जपा. पुन्हा असं झालं तर झाडपाल्यात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा, सुई मिळाली तर माणूस वाचतं.

परतीच्या मोटारीत रुद्रम्मानं हातावरच्या गांधीवर पदर ओढला. मग म्हणाली, "अण्णा, ह्यातलं घरी काय बी बोलायचं न्हाई."

"कामून?"

"सांगितलं तर म्हातारी म्हणंल, चुकलं, मला ठावं नव्हतं. लोक म्हणतील, बिचारी. मला तिला बिचारी हू द्यायची न्हाई. तिनं आपल्या पायानं घर सोडून जायला पायजे."

हावगेप्पानं समजावून पाहिलं, पण बहिणीनं त्याला गळ्यातल्या लिंगाची आण घातली. घरी येऊन तिनं सांगितलं की, डॉक्टर म्हणाले, पोटात इख गेलं होतं. विष कुणी घातलं ते ती बोलली नाही. फक्त सासूकडे बघत राहिली.

सिद्धव्वाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नुसतं कूट घातलं म्हणावं, तर चोरून घातलं हे कबूल होतं. गप्प बसावं, तर खाई त्याला खवखवे, असं गाव म्हणतं. हळूहळू बायका तिच्या हातचं पाणी टाळू लागल्या. शेवटी तिलाच वाटू लागलं, कूट तर सगळं गाव खातं, मग इख आपल्या हातालाच असेल. कार्याच्या घरी पोळ्या लाटायला तिला बोलावणं येईना. एके दिवशी तिचा लेक, रुद्रम्माचा नवरा अमृतप्पा, यानं खाली मान घालून तिच्या हातातली पळी काढून घेतली, आणि म्हातारी चुलीपासून उठून ओसरीवर जाऊन बसली ती कायमची. रुद्रम्मा आतून भाकरी थापता थापता ओसरीकडे बघायची, आणि तेव्हा भाकरी कशी टम्म फुगायची! गोड वाटायचं तिला, खोटं कशाला बोला. फक्त म्हातारी घर सोडेना, तेवढं एक राहिलं होतं.

लेक झाली, चंद्री. रुद्रम्मानं घरात शेंगदाणा येऊ दिला नाही. नवस आहे, एवढंच सांगितलं. आपण डोळ्यांत तेल घालून जपू, बाकीच्यांना कळायची गरज काय?

चंद्री बोलायला-धावायला लागली त्या श्रावणातली गोष्ट. मठाचे गुरुपादय्या स्वामी शेजारच्या घरी आले होते. जाताना त्यांना ओसरीवरची एकटी म्हातारी दिसली. गाव काय म्हणतं ते त्यांनी मनावर घेतलं नाही. तिच्या ओंजळीत शेंगांच्या होळिगेचा, म्हणजे गोड पोळीचा, प्रसाद ठेवला. कितीतरी काळानं कुणी तिला हातानं काही दिलं होतं. म्हातारीचे डोळे भरून आले. एवढा मोठा प्रसाद एकटीनं खाऊ नये, आणि स्वामींच्या हातच्या प्रसादाला ना नवस आड येतो ना आपल्या हातचं इख, म्हणून तिनं अर्धा खेळत जवळ आलेल्या नातीला भरवला.

रुद्रम्मा विहिरीवरून आली तेव्हा दारात गर्दी होती. चंद्रीचे ओठ सुजले होते, अंगभर गांधी होत्या, श्वास वाजत होता. म्हातारीनं नातीलाही इख घातलं, असं बायका ओरडत होत्या. कुणीतरी सिद्धव्वाचे केस धरले होते. इख उतरवणाऱ्याकडे न्यायला म्हणून अमृतप्पा लेकीला खांद्यावर टाकून निघाला होता. हा उतरवणारा राहायचा दूर शिवारात, सडकेच्या उलट्या अंगाला. सगळं रुद्रम्मानं शिकवलं होतं तसंच चाललं होतं.

ती नवऱ्याला आडवी झाली. "इख न्हाई ते. शेंगा हाय. मलाबी शेंगाच हुत्या, डागदरनं तवाच सांगितलंय. सडकंला चला, हुमनाबादला सुई मिळती."

म्हातारीच्या केसांवरचे हात सुटले. पुढे काही विचारायला वेळ नव्हता. सडकेवर एक लॉरी थांबवली. आणि कुणी बोलावलं नसताना सिद्धव्वाही मागे चढून बसली. हुमनाबादेत सुई टोचली. पोरीची छाती आधी तशीच ओढत राहिली, मग सैल पडली. अमृतप्पा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

सिद्धव्वा दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. रुद्रम्मा बाहेर आली तेव्हा म्हातारीनं एवढंच विचारलं, "तुला कवापासनं ठावं हुतं?"

खोटं बोलता आलं असतं. "पैल्यापासनं," रुद्रम्मा म्हणाली.

"मी कूट घातलं ते अडाणीपणानं. मग भ्याले, गप बसले, त्यो माझा गुन्हा. पर माझ्या हातालाच इख हाय म्हणून ह्या लेकराला घास भरवायला मी भेत हुते. येक शब्द सांगितला असतास तर आज पोरगी मरणाच्या दारात गेली नसती. माझ्यावरचा दावा तू तिच्या जिवावर खेळलीस."

 म्हातारी उठली. लेकाला म्हणाली, मला भावाकडं नेऊन सोड, ह्या बाईच्या घरात आता मला भ्या वाटतंय. अमृतप्पानं बायकोकडं पाहिलंही नाही. आईचा हात धरून तो मोटारींच्या अड्ड्याकडं चालू लागला. आत खाटेवर चंद्रीला जाग आली होती आणि ती अज्जीला हाका मारत होती. इतकी वर्षं रुद्रम्माला जे हवं होतं ते झालं होतं. म्हातारी आपल्या पायानं घर सोडून चालली होती.