धोट्याचे अकरा सेकंद

४ फेब्रुवारी २०२३, शनिवार. मानधन दीड हजार रुपये, रोख, बंद पाकिटात. हजर: बाबा, आई, मी, फिल्म बनवणारी मुलगी आणि तिचा कॅमेरावाला. जागा, परळच्या चाळीतली आमची खोली. आवाज नको म्हणून पंखा बंद केला होता.

लालबागमधल्या एका बंद गिरणीची एक शेड पाडायची राहिली होती. तिथे छोटं संग्रहालय होणार होतं. येणाऱ्यांना आधी नऊ मिनिटांची फिल्म, मग यंत्रं. फिल्मसाठी त्याच गिरणीतला जुना कामगार हवा होता. बाबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. विशीत त्या गिरणीला लागले ते १९८२च्या संपापर्यंत तिथेच होते.

मुलीने पिशवीतून एक धोटा काढला. मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारी, लहानशा होडीसारखी लाकडी वस्तू. "आजोबा, यात सूत कसं भरायचं?"

बाबांनी धोटा हातात फिरवून पाहिला. आत सुताची कांडी बसवली, कडेच्या बारीक भोकाला तोंड लावलं आणि श्वास आत ओढून एका दमात सुताचं टोक बाहेर काढलं.

"वा! परत एकदा?"

बाबांनी परत केलं. मग म्हणाले, "आता बसा आणि ऐका."

आम्ही बौद्ध. बाबा कामाला लागले तेव्हा धर्म बदलून काही वर्षं झाली होती, पण गिरणीत जात जुनीच धरत. आमच्या लोकांना सूत कातायच्या खात्यात घेत. साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, घेत नसत. कारण ते भोक. एका पाळीचा माणूस ज्या धोट्याला तोंड लावतो, त्यालाच पुढच्या पाळीचा लावतो. पगार मात्र साचाखात्यात जास्त. बाबा जेवणाच्या सुट्टीत साचाखात्याच्या दारात उभं राहून काम बघून शिकले. एकदा तिथे बरेच खाडे झाले, तेव्हा जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, त्यांना दोन साच्यांवर, मागांवर, उभं केलं. पाळी बदलली. पुढच्या माणसाने इथे कोण होतं ते विचारलं, आणि कळल्यावर धोटे उचलून बाबांच्या पायाशी टाकले. "हे आता घरी घेऊन जा. पोरांना खेळायला होतील." आजूबाजूचे हसले. दुसऱ्या दिवशी बाबा परत आपल्या खात्यात. मग शेवटपर्यंत तिथेच.

मी हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आईला माहीत असावं. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि वळली नाही.

शेवटी बाबा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "मला हे काम येत होतं. मला करू दिलं नाही." मग मुलीला म्हणाले, "एवढं ठेवा. बाकी कापलंत तरी चालेल."

"नक्की, आजोबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ती फसवत नव्हती, असं मला आजही वाटतं.

उद्घाटनाला बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सहाव्या मिनिटाला ते पडद्यावर आले. धोट्याला तोंड, सूत बाहेर. मागून भारदस्त आवाज: "विणकराचा श्वास या धाग्यात मिसळलेला असे. इथे जात नव्हती, धर्म नव्हता. सारे एका कुटुंबाचे होते." अकरा सेकंद, मी नंतर मोजले. पुढे गणपती, भोंगा, शेवटची नावं. टाळ्या. बाबांचं वाक्य कुठेही नव्हतं.

मागच्या रांगेत शेजारच्या चाळीतले एक मालवणी गृहस्थ बसले होते. साचाखात्यात जन्म गेलेले, नाक्यावर रोज बाबांबरोबर बसणारे. ते पुढे वाकले.

"काय रे, तू साच्यार कधी होतंस? माका तर आठवणा नाय!" मग शेजाऱ्यांना म्हणाले, "बगा, म्हातारपणात साचेवालो झालो!"

चार-पाच जण हसले.

"नव्हतो," बाबा म्हणाले. "का नव्हतो ते सांगितलं होतं. कापलंय."

ते गृहस्थ खुर्चीत मागे टेकले. "आसांदे. जुन्यो गजाली त्यो."

पण नाक्यावर नाव पडलं. बाबा दिसले की, "या साचेवाले, बसा!" वाईट हेतू कोणाचाच नसेल. पंधरवड्यात बाबांनी नाक्यावर जाणं बंद केलं. जे काम करू दिलं नाही तेच आपण केल्याची बढाई मारली, असं चारचौघांत ठरलं होतं, आणि ज्यांच्यात ठरलं त्यांना खरं काय ते ठाऊक होतं.

आम्ही संग्रहालयाच्या व्यवस्थापकांना भेटलो. माणूस नम्र होता.

"आजोबा, शाळेची मुलं येतात हो. आणि ते वाक्य घ्यायचं तर निवेदन बदलायला लागेल, तिन्ही भाषांत."

"मग धोट्याचं काढा," बाबा म्हणाले.

"तो तर सगळ्यात सुंदर शॉट आहे!"

बाबांनी न उघडलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. व्यवस्थापकांनी ते हळूच परत सरकवलं. "हे घेता येणार नाही. ऑडिटला अडचण होते."

मी सव्वीस वर्षं हिशेबाचं काम करतो. अशी काही अडचण होत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काका, मी खूप भांडले. शेवटचा निर्णय माझा नव्हता."

पुढच्या जानेवारीत बाबांची छाती भरली. नऊ दिवस इस्पितळात होते, तिथेच गेले. तिसऱ्या दिवशी मंडळाच्या मुलांनी नाक्यावर श्रद्धांजलीचा फलक लावला. फोटो फिल्ममधलाच, धोट्याला तोंड लावलेला. खाली मोठ्या अक्षरांत, 'ज्येष्ठ विणकर'. मी मुलांना म्हटलं, हे बरोबर नाही. ती बिचारी गोंधळली. "काका, फिल्ममध्ये तसंच आहे ना?" फलक तेरा दिवस राहिला. दळण आणायला आई त्याच्याखालून जात असे.

मार्चमध्ये एका रविवारी आई म्हणाली, "मला तिथे घेऊन चल." तिने फिल्म पाहिली नव्हती. निघताना कपाटातून ते पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "यातूनच दे."

माझं तिकीट पन्नास, ज्येष्ठ म्हणून आईचं पंचवीस. अंधारी खोली, वीसेक खुर्च्या, निम्म्या भरलेल्या. आईशेजारी एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती.

बाबा पडद्यावर आले. आई त्या बाईकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "हे आमचे मालक. त्यांना हे काम येत होतं. करू दिलं नाही."

"मावशी, जरा हळू," मागून कोणीतरी म्हणालं.

"काय म्हणालात?" बाईने विचारलं. तोवर पडद्यावर गणपती आला होता आणि मूल टाळ्या वाजवत होतं.

दिवे लागले. लोक यंत्रांकडे गेले. आई खुर्चीतच बसून राहिली. दारावरचा माणूस आला. "आजी, पुढचा शो वीस मिनिटांनी. त्याचं तिकीट वेगळं घ्यावं लागेल."

आईने माझ्याकडे पाहिलं. "काढ," ती म्हणाली.

मी खिडकीवर जाऊन पाकिटातून आणखी पंचाहत्तर रुपये दिले. दोन्ही खेपांचे मिळून एकशे पन्नास, संग्रहालयाला.